यकृतवाल्यांना विचारा

तीर्थरूप आत्याच्या पायाशी,

साष्टांग नमस्कार. (उजवा गुडघा गेले काही दिवस वाकत नाही, तेव्हा तेवढं एक अंग वजा करून घे, बाकीची सगळी हजर आहेत.) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं आतोबांच्या फोनवरून कळलं. पट्टी काढल्यावर तू सगळ्यात आधी आतोबांकडे बघितलंस आणि "शर्टाचं बटण तुटलंय" म्हणालीस, हेही कळलं. त्यामुळे तुझी दृष्टी पूर्ववत झाली याबद्दल आमच्या घरात कुणाला शंका उरलेली नाही. डोळ्यांना ताण द्यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून हे पत्र आतोबांकडून वाचून घे. कंसातला मजकूर मात्र स्वतः वाच.

फोन का केला नाहीस, असं तू विचारशील. फोन केला की तू बोलतेस. आयुष्यभर हातात खडू घेऊन उभी राहिलेली बाई तू. समोरच्याने हात वर केल्याशिवाय त्याला काही बोलायचंय हे तुला कळत नाही, आणि फोनवर हात दिसत नाही. मागच्या वेळी तू विचारलंस, "हल्ली टाचण कधी काढतेस?" आणि मी उत्तर द्यायच्या आत, शिक्षकाने टाचणाशिवाय वर्गात जाणं म्हणजे काय यावर बोलू लागलीस. तुझा रविवार मला आठवतो. आतल्या खोलीचं दार लोटलेलं, तू आत आठवडाभराची टाचणं काढत बसलेली: कुठला प्रश्न आधी, कुठला नंतर, फळ्याच्या डाव्या बाजूला काय, उजव्या बाजूला काय. त्या दिवशी बाहेर भूकंप झाला असता तरी घरच्यांनी तो दाराबाहेरच थांबवला असता. म्हणून तुला सविस्तर कळवते आहे की मी टाचणं काढणं सोडलं आहे आणि माझं फार उत्तम चाललं आहे.

झालं असं, की आमच्या भूगोलाच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. (मुलगी झाली. नाक बाईंचं आहे, आवाज शाळेच्या भोंग्याचा.) त्यांच्या जागी नवीन कुणी आलं नाही. वेळापत्रक करणारे आमचे सर आहेत, त्यांना कुठेही रिकामा चौकोन दिसला की अस्वस्थ व्हायला होतं. ते एका सकाळी हसत हसत माझ्याकडे आले आणि माझे मोकळे तास होते तिथे हिरव्या शाईने भूगोल भरून निघून गेले. मी विज्ञानाची बाई. वारे कुठून वाहतात हे मला माहीत आहे, पण कुठे वाहत जातात हे मी गेली वीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. आता विज्ञानही माझं, भूगोलही माझा, आणि दोन्हींची तयारी करायला वेळ म्हणशील तर बसची वाट बघताना, भाजी चिरताना आणि दात घासताना. दात घासताना फार तर प्रकाशाचं परावर्तन तयार होतं, कारण समोर आरसा असतो. बाकीच्या धड्यांना ती सोय नाही.

अशा वेळी मला ती पद्धत सापडली. आमच्या लेकीने फोनवर एक व्हिडिओ लावून दिला. फोन मिठाच्या बरणीला टेकवला आणि मी फरसबी चिरत चिरत तो बघितला. एक हसतमुख गृहस्थ सांगत होते, की धडा बाईंनी शिकवायचाच नाही. धड्याचे भाग करायचे, वर्गाचे गट करायचे, एकेका गटाला एकेक भाग द्यायचा. गटाने तो वाचायचा, त्यावर भांडायचं, चित्रं काढायची आणि त्या भागात तज्ज्ञ व्हायचं. बाईंनी मध्ये पडायचं नाही. हे शेवटचं वाक्य आलं आणि माझी फरसबी संपली. मी फोन बंद केला. मला जे हवं होतं ते मिळालं होतं.

पुढचं सांगण्याआधी आठवी क बद्दल लिहायला हवं, कारण सगळा जीव तिथे अडकला आहे. अ भरला, ब भरला, की उरलेली मुलं जिथे बसतात तो क. स्टाफरूममध्ये त्या वर्गाचं नाव निघालं की लोक चहाचा कप खाली ठेवतात. मला मात्र हा वर्ग आवडतो. का, ते नीट सांगता येत नाही. ही मुलं चुकीचं उत्तर देताना तोंड लपवत नाहीत, हे एक कारण असावं. तिथे एक वकील आहे (ही मुलगी आहे, नावं मीच मनातल्या मनात ठेवली आहेत), तिला 'पृथ्वी गोल आहे' म्हटलं तरी ती "कोणाच्या मते?" असं विचारते. एक उद्या-आणतो आहे. आणि एक कुजबुज आहे. ती यंदाच नवीन आली. शेजारणीच्या कानात बोलते, आणि मोठ्याने एक अक्षर नाही. हजेरीला हात वर करते. मी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिच्या ओठांवर दिसतं आणि शेजारणीच्या तोंडून ऐकू येतं. पुढच्या वर्षी ही मुलं नववीत जातील तेव्हा वर्गशिक्षिका मीच असावं, एवढी एकच इच्छा मी यंदा बाळगून आहे. पण तो वर्ग गणिताच्या पट्टीवाल्या सरांनीही मागितला आहे. (पट्टीने ते कुणाला मारत नाहीत. नुसती हातात धरून आत शिरतात आणि अख्खा वर्ग काटकोनात बसतो.) 'त्या मुलांना वळण लागलं पाहिजे' असं त्यांचं म्हणणं, आणि आमच्या मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, वळण हा शब्द आवडतो.

तर पचनसंस्थेचा धडा काढला. चार गट केले: तोंड आणि अन्ननलिका, जठर, यकृत, आतडी. पुस्तकं उघडायला सांगितली आणि मी खुर्चीवर बसले. आत्या, वर्ग चालू असताना खुर्चीवर बसणं म्हणजे काय हे तुला ठाऊक नाही. सुरुवातीला चोरी केल्यासारखं वाटतं. मग गुडघ्याला बरं वाटतं. मग समोर बघितलं तर मुलं खरोखर वाचत होती, एकमेकांच्या हातातली पेन्सिल ओढत चित्रं काढत होती, आणि वकील आतड्यांच्या लांबीवर कुणाचंच ऐकत नव्हती. तास संपला तेव्हा माझ्या भूगोलाच्या वह्यासुद्धा तपासून झाल्या होत्या. घरी आले ती तरंगतच. तुझ्या जावयांना म्हटलं, "मी उगाच इतकी वर्षं बोलत होते." ते म्हणाले, "कुठे, शाळेत ना?"

दुसऱ्या दिवशी उजळणी घेतली. विचारलं, जठरात काय होतं? तोंडवाल्यांपैकी एकजण शांतपणे उठला आणि म्हणाला, "ते आमच्याकडे नाही, बाई." बरं, मग तुमच्याकडे काय आहे? "आमच्याकडे चावणं आणि लाळ. पुढचं जठरवाल्यांना विचारा." जठरवाल्यांना पित्ताबद्दल विचारलं. "यकृतवाल्यांना विचारा." यकृतवाल्यांना आतड्यांबद्दल विचारलं, तर त्यांनी मान हलवली आणि पुढच्या खिडकीकडे बोट दाखवावं तसं आतड्यांकडे बोट दाखवलं. सरकारी कचेरीत सुद्धा माणसाला इतकं फिरवत नाहीत. एका घासाचा पत्ता लागेना.

नुसतं एवढंच असतं तरी चाललं असतं. पण गटांना अभिमान चढला होता. तोंडवाले स्वतःला वडीलधारे समजू लागले, कारण सगळं आधी त्यांच्याकडे येतं. जठरवाले आम्ल असल्यासारखे वागू लागले. यकृतवाल्यांचा तर वेगळाच तोरा. अन्न आमच्याकडे येतच नाही, आम्ही फक्त पित्त पाठवतो, असं ते मधल्या सुट्टीतही सांगत फिरत होते, आणि डबा खायला वेगळे बसत होते. (कुजबुज यकृतात होती. ती सांगत फिरत नव्हती, पण डबा त्यांच्यातच खात होती. हे मी पाहून ठेवलं.) आतडीवाले नाराज. शेवटचा टप्पा आमच्याच वाट्याला का, असं वकिलीणबाईंनी लेखी विचारलं. मी समजावलं, की मोठं आतडं पाणी शोषून घेतं, ते नसेल तर माणूस वाळून जाईल. त्यावर ती म्हणाली, "मग चित्रात त्याला खाकी रंग का दिलाय?" याचं उत्तर तुझ्या टाचणातसुद्धा नसणार.

त्या दिवशीचा गोंगाट भिंतीपलीकडे गेला. पलीकडे पट्टीवाले सर. ते पुढे आणि मागे मोठ्या बाई, अशी वरात दारात आली. सर म्हणाले, "बाई, तुमच्या वर्गातलं जठर आमच्या वर्गात ऐकू येतंय." मोठ्या बाईंनी आत बघितलं. चार टोळ्या चार कोपऱ्यांत, मी मध्ये, फळा कोरा. कोरा फळा त्यांना फार लागला असावा. त्या मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "गोंगाट मला चालतो. गोंगाटातून काय निघतं ते दाखवा. मंगळवारी येऊन बसते. मग नववीचं ठरवू." म्हणजे बघ, एका घासाबरोबर माझा वर्गही मध्येच कुठेतरी अडकला.

संध्याकाळी लेकीला म्हटलं, तुझा तो हसरा माणूस खोटारडा आहे. तिने फोन बघितला आणि म्हणाली, "आई, तू अर्धाच बघितलायस." उरलेला अर्धा मग फरसबीशिवाय बघितला. त्यात ते गृहस्थ तितकंच हसून सांगत होते, की तज्ज्ञ तयार झाले की गट मोडायचे. नवे गट करायचे, प्रत्येक गटात प्रत्येक भागाचा एकेक तज्ज्ञ, आणि त्यांनी आपापला भाग इतरांना शिकवायचा. 'पहिल्या टप्प्यावर थांबण्याची चूक कुणी करत नाही,' असंही ते म्हणाले. तेवढं वाक्य मी लेकीला पुढे ढकलायला लावलं.

मंगळवारी मोठ्या बाई आल्या त्या थेट मागच्या बाकावर. त्यांच्या मागोमाग मी गट मोडले. तुला सांगते, देशाची फाळणी सोपी. यकृतवाले उठेनात. जठरवाल्यांनी एकमेकांचे हात धरले. शेवटी मी म्हटलं, की वेगळे बसून पचन होत नाही, कुठल्याही शरीरात जठरं एका बाजूला आणि यकृतं दुसऱ्या बाजूला अशी व्यवस्था नसते. हे वकिलीणीला पटलं आणि तिला पटलं म्हटल्यावर बाकीचे घाबरून उठले. नवे गट बसले आणि मी भागाभागाच्या चिठ्ठ्या वाटल्या. एकाच गटात आतडं कमी पडलं, कारण उद्या-आणतो त्या दिवशी आलाच नव्हता. तो नेमका मागच्या बाकाजवळचा गट, कुजबुज होती तो. वकिलीणीने इकडेतिकडे पाहिलं, मोठ्या बाई रिकाम्या बसलेल्या दिसल्या, आणि तिने त्यांच्या हातात आतड्याची चिठ्ठी ठेवली. "तुम्ही आतडं. हे वाचून यांना सांगायचं." माझ्या पायाखालची फरशी गेली. मध्ये पडायचं नाही, असं ते गृहस्थ म्हणाले होते. मी पडले नाही. (पडायला जागाच उरली नव्हती, हेही खरं.)

मोठ्या बाई भाषेच्या. आतड्याशी त्यांचा संबंध नुसता वापरण्यापुरता. त्यांनी चष्मा लावला, चिठ्ठी वाचली आणि घसा खाकरून सुरुवात केली, की अन्न जठरातून यकृतात जातं आणि तिथून आतड्यात येतं. कुजबुज त्यांच्या शेजारी बसली होती. तिने त्यांच्या पदराचं टोक ओढलं. बाईंनी कान तिच्याकडे केला. ती काहीतरी कुजबुजली. बाई म्हणाल्या, "येत नाही? मग ते असतं कशाला?" ती पुन्हा कुजबुजली, या वेळी बरंच. आणि ती इतकं हळू बोलते म्हणून तो सगळा गट बाकावर पालथा पडून ऐकू लागला. जठर पालथं, तोंड पालथं, आणि मोठ्या बाईंचा अंबाडा त्यांच्यात मधोमध. वर्गात गोंगाट होता, पण त्या एका बाकाभोवती इतकी शांतता होती की मला तिथे जाऊन पालथं पडावंसं वाटलं.

शेवटी प्रत्येक गटाने उभं राहून घासाचा प्रवास सांगायचा होता. त्या गटातून कोण उठणार याची मला धास्ती होती, तर मोठ्या बाई स्वतःच उठल्या. जठरापर्यंत आल्या, आणि मग खाली बघून थांबल्या. कुजबुजने ओठ हलवले. बाई म्हणाल्या, "अन्न यकृतात जात नाही." पुन्हा ओठ हलले. "यकृत नुसतं पित्त पाठवतं." आणखी हलले. "आणि त्याचे कोणी आभार मानत नाही." हे शेवटचं पुस्तकात नाही, आत्या. ते कुजबुजचं स्वतःचं आहे. अख्खा वर्ग हसला, आणि ती पोर लाजली नाही, तिनेही हसून घेतलं. ज्ञान तिचं आणि आवाज मोठ्या बाईंचा, अशी ती जोडी उभी होती. मी फळ्याकडे तोंड करून काहीतरी पुसत राहिले. फळा कोराच होता.

तास संपताच मोठ्या बाई निघाल्या. जिन्यावरून उतरताना "पाणी शोषून घेतं, बरोबर," असं स्वतःशीच म्हणाल्या, हे मी ऐकलं. स्टाफरूममध्ये पट्टीवाल्या सरांनी विचारलं, "काय, झालं का पचन?" मी म्हटलं, "झालं की. तुम्हाला जड जाणार आहे." ते हसले आणि त्यांनी आपल्या डब्यातला एक तुकडा माझ्याकडे सरकवला. माणूस वाईट नाही. पण वर्ग मी देणार नाही.

तेव्हा आत्या, तू माझी काळजी सोड. टाचणावाचून काही अडत नाही. धड्याचे भाग करायचे आणि मुलांच्या हाती द्यायचे, की वेळच वेळ उरतो. तू तुझ्या काळी हे केलं असतंस तर तुझे रविवार वाचले असते, आणि आम्हाला आतल्या खोलीत ठेवलेला कॅरम खेळता आला असता. आतोबांना नमस्कार. त्यांच्या बटणाचं बघ.

तुझी भाची

ता. क. 'वेळच वेळ उरतो' हे वाक्य आतोबांनी वाचलं असेल तर वाचू दे, पण तू धरून बसू नकोस. मंगळवारच्या चिठ्ठ्या करायला आमचा रविवार गेला. कुठल्या चिठ्ठीत किती लिहायचं, कुठला प्रश्न मुद्दाम लिहायचा नाही म्हणजे त्यांना तो एकमेकांना विचारावा लागेल, याचाच विचार करत होते. आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं होतं. बाहेरून तुझ्या जावयांनी विचारलं, "आत कोण आहे, तू की आत्या?"

आणखी ता. क. नववीचं अजून ठरलेलं नाही. मोठ्या बाईंनी काल बोलावून सांगितलं, की येत्या शनिवारी सगळ्या शिक्षकांसमोर मी या पद्धतीवर तासभर बोलायचं. त्यांना पटलं तर पुढच्या वर्षी नववी क ला हेच चालू राहील आणि वर्ग माझा. नाही पटलं तर पट्टीवाल्या सरांचा. आणि तासभर बोलायची तयारी करायला माझ्याकडे वेळ नाही; शुक्रवारपर्यंत सगळा भूगोल आहे. म्हणून मी भाषणाचे भाग केले आहेत. खुर्च्या कशा मांडायच्या, गट कसे मोडायचे, हा भाग तुझ्या जावयांचा. लोक काय काय आक्षेप घेतील, हा मामांचा (त्यांना निमित्तच हवं असतं). कमी वेळात चिठ्ठ्या कशा करायच्या, हा लेकीचा. आणि 'मुलांनाच बोलू दिलं तर शिस्तीचं आणि शिक्षकाचं काय' हा भाग तुझा. या विषयात तुझ्याइतकं तज्ज्ञ आपल्या घराण्यात कुणी नाही, मग तुझं मत माझ्या उलट का असेना. पट्टीवाले सर जे विचारणार ते तुला आधीच माहीत असणार. मोठ्या अक्षरांत, एकच पान, आतोबांच्या हातून लिहून पाठव. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून फोनवर यायचं आणि आपापला भाग एकमेकांना समजावायचा. मी मध्ये पडणार नाही. मामांना आत्ताच फोन करू नकोस. गट मोडायच्या आधी बोलायचं नसतं.

शेवटचा ता. क. एक भाग मी कुणाला दिला नाही: हे सगळं कशासाठी. तो मी माझ्याकडे ठेवला आणि तुला पत्र लिहायला बसण्याआधी लिहून बघितला. एकच ओळ आली. 'मी सांगितलेलं मुलं ऐकतात; एकमेकांना सांगायचं असलं की समजून घेतात, आणि ते होत असताना मला तिथे असायचं आहे.' पुढे सुचत नाही. एवढ्यावर शनिवारी उभी राहिले तर चालेल का, तेवढं सांग. त्याचं उत्तर आलं तर तुझं पान नाही आलं तरी चालेल.

(हे कंसात आहे म्हणजे तू स्वतः वाचते आहेस. पान पाठवच.)